नाण्याचा जेगी, जेगीचं नाणं

पायाच्या आतल्या बाजूने झेलत झेलत उडवायचा हा कोरियन गोंडा म्हणजे जेगी. 1988च्या सोल ऑलिंपिकसाठी बँक ऑफ कोरियाने चांदीची नाणी काढली. त्यांतल्या 5,000 वोनच्या काही नाण्यांवर लोकखेळ आले: जेगी, रस्सीखेच, भोवरा आणि सिरम, म्हणजे कोरियन कुस्ती.

या सगळ्यांत जेगीचं नाणं आम्हाला सर्वांत समर्पक वाटतं, कारण जेगी मुळात नाण्याचाच करत. जोसन या कोरियातल्या जुन्या राजवटीच्या काळातल्या पितळी नाण्याला मधोमध चौकोनी भोक असे. ते नाणं कागदात गुंडाळायचं, कागदाची टोकं भोकातून ओढून घ्यायची आणि त्यांच्या बारीक झिरमिळ्या फाडायच्या. नाण्याच्या भारामुळे जड बाजू खाली राहते, झिरमिळ्यांमुळे पडण्याचा वेग कमी होतो. झिरमिळ्या तोकड्या झाल्या तर जेगी धपकन खाली येतो. पाय उचलायलाही वेळ मिळत नाही.

रस्सीखेचीचा दोर भाताच्या पेंढ्याचा. गिजिसी गावात तो इतका जाड वळतात की हातात मावत नाही. बाजूंना बारीक दोर जोडून ओढावा लागतो. सिरममध्ये गुडघा किंवा त्यावरचा भाग वाळूला टेकला की हार. 2018 साली दोन्ही कोरियांनी मिळून हा खेळ युनेस्कोच्या वारसा यादीत नेला.

आता नाणं हातात घेऊ. कडांनीच धरायचं. वजन 16.81 ग्रॅम, हजारात 925 भाग चांदी. म्हणजे शुद्ध चांदी 15.55 ग्रॅम, अर्धा ट्रॉय औंस (सोन्या-चांदीसाठीचं वजनाचं माप).

अस्सलपणा तपासायला 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागतो. त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. दोऱ्याला बांधलेलं नाणं पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काटा सुमारे 1.62 ग्रॅम दाखवेल; हे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. तेवढ्याच वजनाची तांबं-निकेलची नक्कल जास्त जागा घेते, म्हणून 1.89च्या आसपास जाते. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला असेल तर आकडा वाढतो आणि अस्सल नाणंही नकली ठरतं. दोरा हलवून बुडबुडे घालवा, पुन्हा मोजा.

प्रूफ नाण्यावर, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या नाण्यावर, मात्र हा प्रयोग नको. त्याच्या आरशासारख्या पृष्ठभागावर पाण्याचे डाग राहतात. ते डबीतच ठेवा, आणि जवळ रबरबँड ठेवू नका; त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते. काळवंडलंच तर पावडरीने घासू नका. आकृतीवरची दुधी झाक घासून गेली, की ती परत आणता येत नाही.