तहानलेलं लाकूड

बडोद्याच्या दांडिया बाजारातून इथे येईपर्यंत दोघांनी मला विचारलं, "स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, कुठल्या कंपनीचा घ्यायचा?" तुमच्यातल्याही निम्म्यांना तेच विचारायचं असणार. पण दारावर डाग पडतात ते डब्यामुळे नव्हे.

मी स्वयंपाकघरातल्या कपाटांची पाइनची दारं उतरवली, वरवर घासली आणि अक्रोडी स्टेन फासला. मधला भाग चितकबरा, उभ्या पट्ट्यांची टोकं डांबरासारखी काळी, आणि कोपऱ्यात जुनं पॉलिश राहिलेलं तिथे फिके ठिपके. हिने पाहिलं नि म्हणाली, "गाय बांधलीत का घरात?" शेवटी ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. दारावरून बोट फिरवून ते म्हणाले, "काका, रंगनो वांक नथी. लाकडुं तरस्युं छे."

म्हणजे रंगाचा दोष नाही, लाकूडच तहानलेलं आहे. अगदी खरं. पाइनचे मऊ पट्टे रंग भराभर पितात, कडक पट्टे पीत नाहीत. टोकाला तर लाकडाच्या नळ्याच उघड्या पडलेल्या. आपल्या संखेड्याच्या फर्निचरला ही अडचण नाही. तिथे लेथवर फिरवलेल्या सागावर रंग आणि लाख चढते, लाकूड झाकलं जातं. आपल्याला ते दिसायला हवंय, ही पंचाईत.

फिके ठिपके नको असतील तर जुनं पॉलिश पूर्ण निघायला हवं, म्हणून आधी ते कुठलं ते ओळखा. दाराच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा धरा. चिकट झालं तर लाखेचं. थिनरने सुटलं तर लॅकर. दोघांनाही दाद देत नसेल तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन). प्लायवर विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, असेल तर हात आखडता घ्या, ते बहुधा अर्धा मिलिमीटरही नसतं.

मग दारावर पेन्सिलीने फिकट रेघोट्या मारा आणि 100 नंबरच्या सँडपेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा. रेघोट्या सगळीकडून गेल्या की परत मारा, आता 150. दार तिथेच थांबवा, टोकं मात्र 240 पर्यंत न्या. गुळगुळीत झाली की कमी पितात. शेवटी टॉर्च आडवी धरून बघा. आडवा चरा राहिला असेल तर रंग आधी त्यातच भरतो.

पाइनला एवढ्याने भागत नाही. लिटरभर स्पिरिटमध्ये मेण काढलेला चपडा (लाखेचे पापुद्रे) साठेक ग्रॅम विरघळवून एक पातळ हात द्या, वाळला की 240 ने अलगद पुसा. लाकडाची तहान निम्मी भागते. वर तेलाचा स्टेन लावा. स्पिरिटचा लावलात तर हे अस्तरच विरघळेल. रंग तळाशी बसतो, म्हणून नीट ढवळा, आणि डबे दोन असतील तर आधी एकत्र करा. प्रत्येक दाराला लावल्यापासून पुसेपर्यंत सारखाच वेळ द्या, घड्याळ लावून. पहिला प्रयोग दाराच्या पाठीवर.

तेलकट चिंध्या चुरगाळून टोपलीत टाकू नका. वाळताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेटू शकतात. मी गच्चीत दोरीवर एकेक पसरून घातल्या. शेजारच्या बेननी विचारलं, "काका, आ काळा रुमाल कोना?"