क्लोरीन नसलेला नळ

हा ॲमस्टरडॅममधल्या एका साध्या घरातला किचनचा नळ. ग्लास भरा, नाकाशी धरा, काही वास येतो? नाही येणार, कारण नेदरलँड्समधे 2005 पासून रोजच्या पाण्यात क्लोरीन टाकतच नाहीत.

झालं असं की 1974 मधे रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातले केमिस्ट योहानेस रोक यांनी दाखवून दिलं, नदीच्या पाण्यातल्या कुजक्या पालापाचोळ्याच्या अंशाशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरोफॉर्म हे घातक रसायन तयार होतं. म्हणजे जंतू मारायला जे टाकतोय तेच नवीन भानगड करतंय! मग हळूहळू क्लोरीन कमी करत करत बंदच केलं.

आता हे पाणी येतं कुठून, तर समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधून. 1853 मधे इथूनच शहरात पहिल्यांदा पाइपने पाणी आलं, तेव्हा वेशीवर बादली एक सेंटला मिळायची. नंतर उपसा इतका झाला की खालचं खारं पाणी वर यायला लागलं, मग 1957 पासून ऱ्हाइन नदीचं पाणी पन्नासेक किलोमीटरवरून आणून याच वाळूत मुरवतात, दोन-तीन महिने ते तिथे निवांत झिरपत राहतं आणि वर हरणं चरतात, लोक फिरायला येतात. पुढे ओझोन वायू, कार्बनची गाळणी, परत वाळूची गाळणी. जंतूंना खायलाच काही उरत नाही, तर ते वाढणार कशावर?

पण खरी गंमत पाइपात आहे. गळती अगदी कमी आणि प्रेशर चोवीस तास. आपल्याकडे तासभर पाणी येतं आणि जातं, रिकाम्या पाइपात फटींतून बाहेरची घाण आत ओढली जाते, म्हणून क्लोरीन टाकल्याशिवाय चालतच नाही.

सांडपाण्याचं बघायला वेगळी जल-मंडळं आहेत, एकूण 21, काही तर थेट तेराव्या शतकापासूनची! त्यांच्या चक्क निवडणुका होतात आणि सांडपाण्याचा टॅक्सही तेच गोळा करतात. पण ऱ्हाइन येते स्वित्झर्लंड-जर्मनीतून, वरचे जे सोडतील ते खाली यांच्या दारात. 1986 मधे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळ सँडोझ या केमिकल कंपनीच्या गोदामाला आग लागली, आग विझवायच्या पाण्याबरोबर कीटकनाशकं नदीत गेली, पाणी लाल झालं, मासे मेले, आणि डच लोकांनी नदीतून पाणी घेणं सरळ थांबवलं. वाळूत साठा होताच.