पाऊण तासात कळतं, कोणतं औषध चालेल

नमस्कार, श्रोतेहो. दिवाळी सरली की बीड, धाराशिव, परभणीकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. फडात बायांना आडोसा नसतो. मग त्या पाणीच बेतानं पितात, लघवी तासन् तास धरून ठेवतात. पुढे लघवीला आग सुरू होते. 'उन्हाळी लागली' म्हणून आधी धन्या-जिऱ्याचं पाणी, मग मेडिकलवरून चार गोळ्या. दोन गोळ्यांत आग थांबली की उरलेल्या दोन पुढच्या वेळेसाठी पिशवीत. ही अर्धवट औषधं जंतूंच्या पथ्यावर पडतात.

या आजारात बहुतेक वेळा ई. कोलाय हा आपल्याच आतड्यातला जंतू सापडतो. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाला, म्हणजे अँटिबायोटिकला, तो पूर्वी सहज दबायचा. आता आपल्या देशात पुष्कळ रुग्णांत दबत नाही. मग कोणतं औषध चालेल? ते सांगते लघवीची कल्चर तपासणी. त्यात जंतू आधी वाढवावा लागतो, म्हणून रिपोर्टला दोन-तीन दिवस जातात. खाडा झाला की जिची मजुरी बुडते, ती बाई तेवढं थांबणार कशी? डॉक्टरही अंदाजानं औषध सुरू करतात. माझ्या मते सगळं घोडं इथंच अडतं.

म्हणून २०२४ सालची एक बातमी मला फार मोलाची वाटते. स्वीडनमध्ये तयार झालेल्या एका तपासणीला ब्रिटनचा ८० लाख पौंडांचा लॉन्जिट्यूड पुरस्कार मिळाला. थोडीशी लघवी एका चिपमध्ये घालतात. चिपमध्ये केसासारख्या बारीक नळ्या, त्यांत वेगवेगळी पाच प्रतिजैविकं. नळ्यांत अडकलेले जंतू वाढतात की थांबतात, ते यंत्र सूक्ष्मदर्शकातून बघत राहतं. जंतू आहेत का, हे पंधरा मिनिटांत कळतं. कोणतं औषध चालेल, ते पाऊण तासात. बाई दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेली असतानाच! अशी यंत्रं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात यायला हवीत, आणि आधी आमच्या ऊसतोड भागात.

तोवर कल्चर आहेच. पण नमुना पहिली गोळी घेण्याआधी द्या, नाहीतर जंतू असूनही रिपोर्टात दिसत नाही. जागा पाण्यानं धुवा, पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत धरा आणि दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचवा. थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखू लागलं, किंवा बाई गरोदर असेल, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.