गायरान कुणी खाल्लं?

हे समोर दिसतंय ते बालाघाटाच्या उतारावरचं माळरान, कागदावर गायरान. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली ती देवणी, आणि मागं विटकरी रंगाची लाल कंधारी. दोन्ही आपल्या लातूर-नांदेड भागातल्या जाती.

आता चरणारी गाय पर्यावरणाला चांगली का वाईट? मोबाईलवर एकजण सांगतो की गाईच्या ढेकरानं जग तापतंय (हो, ढेकरच, बहुतेक मिथेन तोंडातूनच निघतो), दुसरा म्हणतो रानात चरणारी गाय म्हणजे एकदम शुद्ध. मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा शंभर वर्षांच्या हिशोबानं जवळपास 28 पट जास्त उष्णता धरतो, पण हवेत साधारण 12 वर्षंच टिकतो. आणि चारा जितका वाळका, तितका दुधाच्या लिटरमागं मिथेन जास्त, म्हणजे उन्हाळ्यात नुसत्या कडब्यावरची गाय या हिशोबात नापासच. फक्त हा हिशोब करणारे शेण, नांगरट आणि माणसाला खाता न येणारं गवत बऱ्याचदा धरत नाहीत, ते मला पटत नाही.

खरी गोची गवतात आहे. पवना, मारवेल ही गवतं जनावराला गोड लागतात म्हणून आधी तीच संपतात, आणि पावसाळ्यात गवत वाढून बी पडायच्या आतच ढोरं सोडली की दोन-चार वर्षांत माळावर उरते ती कुसळी, जिची कुसळं जनावराच्या तोंडात रुततात. मग माती उघडी, पाऊस आला की वाहून जाते. अहिल्यानगर (आधीचा नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं मोकळ्या चराईवर बंदी घातली, लोक गवत कापून घरी नेतात, माळ परत आला.

पण आपल्याकडं गवताला अशी विश्रांती द्यायला गायरान शिल्लक किती? काही सोयाबीनखाली गेलं, काही सरकारी कामांना गेलं, आता कृषी पंपांसाठीचे सोलर प्लांट गायरानांवरच उभे राहतायत. काही ठिकाणी भूमिहीन, बहुतेक दलित कुटुंबं पिढ्यांपासून कसतायत, 1964 चा रिपब्लिकन नेते दादासाहेब गायकवाडांचा सत्याग्रह अशाच जमिनींसाठी होता, त्यांना सरसकट अतिक्रमणवाले म्हणणं मला तरी जमत नाही. आणि ज्वारी कमी झाली तसा कडबाही महागला. एवढ्याशा तुकड्यावर सगळ्या गावाची ढोरं, मग दोष गाईचा.

राहिला गोऱ्हा. ट्रॅक्टर आला, बैलाचं काम गेलं. गोहत्याबंदीचा कायदा 1976 चा, 2015 च्या दुरुस्तीनं त्यात बैल आणि वळूही आले, म्हैस नाही आली. म्हणजे थकलेला बैल बाजारात कुणी घेईना, घरी ठेवायचा तर दावणीचा खर्च शेतकऱ्याचाच, म्हणून काहीजण रात्री रानात सोडून येतात आणि तो दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरतो. दुष्काळात सरकारनं चारा छावण्या काढल्या, चांगलं केलं, पण बैल काय फक्त दुष्काळातच खातो का? कायदा ठेवायचा तर चाऱ्याचा खर्चही कुणीतरी उचलायला पाहिजे, हे माझं मत, तुमचं वेगळं असू शकतं.

यावर आता कालवडच व्हावी अशी कृत्रिम रेतनाची कांडी (वीर्याची नळी) मिळते, साधारण दहातल्या नऊ कालवडी होतात म्हणतात. जर्सीवाल्याला ते सोपंय. पण लाल कंधारी तर बैलासाठीच नावाजलेली, दूध थोडं, तिच्या मालकानं ही कांडी भरायची का?