आधी दार उघड, मग सारव

श्रोतेहो, नमस्कार.

१ जुलै २०१९ ची रात्र तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. सांताक्रूझला चोवीस तासांत ३७५ मिलिमीटर पाऊस, लोकल बंद, मालाडला भिंत कोसळून माणसं गेली. त्याच रात्री बाराच्या सुमारास जयपूरहून आलेलं स्पाइसजेटचं विमान आपल्या मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर उतरलं आणि पट्टी संपली तरी थांबलं नाही. पुढे जाऊन चिखलात रुतलं. कुणाला इजा झाली नाही हे नशीब. पण ते चिखलातून ओढून काढेपर्यंत जवळपास चार दिवस मुख्य धावपट्टी बंद होती.

विमान पट्टीबाहेर का जातं? पावसात स्कूटर चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. किती वेगात टेकलं, कुठे टेकलं आणि खाली पाणी किती, एवढ्या तीन गोष्टी. वेग दुप्पट झाला तर थांबायला जागा चौपट लागते. ऑगस्ट २०२० मध्ये कोळिकोडला एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान ८,८५८ फुटांच्या पट्टीवर ४,४३८ फूट आत येऊन टेकलं. म्हणजे निम्मी पट्टी हवेतच संपली. पुढे दरी होती. एकवीस माणसं गेली. पुन्हा सांगतो, किती वेगात, कुठे, आणि खाली पाणी किती.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे ती विमानाची नाही, बसची आहे.

सत्त्याऐंशी सालचा गणपती. एसटीचं रिझर्व्हेशन मिळालं नाही म्हणून आम्ही लालबागहून रात्रीच्या खासगी गाडीने चिपळूणला निघालो. मी, आई आणि आत्या. आत्याच्या मांडीवर थर्माकोलचं मखर. दोन रात्री जागून कापलेलं, त्यामुळे ती ते टपावर ठेवू देईना. पहाटे चारला कशेडी घाट उतरून खाली आलो. धो धो पाऊस. एका वळणावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला, वळण डावीकडे गेलं आणि गाडी गेली सरळ. रस्ता सोडला, बांध ओलांडला आणि भाताच्या खाचरात जाऊन बसली. कुणाला खरचटलंही नाही. मखराचे मात्र चार तुकडे.

दार चिखलात अडकलेलं. आत अंधार, पोरं रडतायत. क्लीनर सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, तो सगळ्यांच्या आधी खिडकीतून बाहेर पडला. आम्हाला वाटलं, आता हा दार उघडेल. पठ्ठ्या सरळ गाडीच्या मागे गेला, दोन्ही ओंजळी भरून चिखल उचलला आणि मालकाचं नाव लिंपायला लागला! मागच्या काचेतून आम्ही बघतोय. एक अक्षर लिंपायचा, तोवर आधीचं पावसाने धुऊन निघायचं. पुन्हा चिखल, पुन्हा पाऊस. शेवटी आत्याने खिडकीतून डोकं काढलं आणि ओरडली, "अरे मेल्या, आधी दार उघड, मग सारव!"

सारवासारव हा शब्द मी त्याआधी शंभरदा ऐकला असेल. पण तो डोळ्यांनी पाहिला त्या दिवशी.

ते नाव होतं मोठं देखणं, हेही सांगायला हवं. लालबागच्या कुणा पेंटरने ब्रशने काढलेलं, पिवळ्यावर लाल, खाली काळी सावली. आताच्या फ्लेक्सला त्याची सर नाही. फ्लेक्सने या शहराचे डोळे बिघडवलेत. चौकाचौकात वाढदिवसाची तोंडं... असो, ते पुन्हा कधीतरी.

गणपती आटोपल्यावर आत्या मखराचे पैसे मागायला मालकाच्या ऑफिसात गेली. मालकाने चहा मागवला आणि म्हणाला, "ताई, आमची गाडी खाचरात गेलीच नव्हती. ड्रायव्हरने जरा बाजूला घेतली होती." मालकाचं नाव मी सांगणार नाही. त्याच्या क्लीनरने एवढी मेहनत घेतली होती, ती वाया कशाला घालवायची?

सप्टेंबर २०१३ मध्ये बँकॉकला थाई एअरवेजचं एअरबस उतरताना पट्टीवरून बाजूला घसरलं आणि दुसऱ्या दिवशी कामगारांनी विमानावरचं नाव आणि शेपटीवरचं चिन्ह काळ्या रंगाने पुसून टाकलं. ते वाचलं तेव्हा मी एकटाच हसत सुटलो. कंपनी म्हणाली, आम्ही ज्या विमान कंपन्यांच्या आघाडीत आहोत तिचा तसा नियम आहे. आघाडी म्हणाली, आमचा असा नियम नाही. आणि नाव पुसतानाचेच फोटो जगभर गेले.

आता रंगाचा डबा लागत नाही. अपघात झाला की कंपनीची वेबसाइट करडी होते, जाहिराती थांबतात, उड्डाणाचा क्रमांक बदलतो. जिथे माणसं गेली तिथे हे शोक म्हणून केलं असेल, तर मी समजू शकतो. पण रंग दुसऱ्या दिवशी आणि कारण दोन वर्षांनी, हे मला पटत नाही.

बँकॉकचीच आणखी एक घटना, १९९९ सालची. क्वांटासचं जम्बो जेट पावसात पट्टीच्या पुढे दोनशेहून जास्त मीटर गेलं. कंपनीने प्रचंड खर्च करून ते दुरुस्त केलं आणि पुन्हा उडवलं. एकही जेट विमान न गमावल्याचा लौकिक टिकवायलाच हे केलं, असं लोक आजही म्हणतात. पण ऑस्ट्रेलियाच्या चौकशी अहवालाने काही झाकलं नाही. कॅप्टनने विमान पुन्हा वर न्यायला सांगितलं, चाकं टेकताच निर्णय फिरवला, आणि त्या गोंधळात विमान थांबवायला इंजिनांचा उलटा जोर लावायचा राहूनच गेला. सगळं लिहून ठेवलंय, आणि ते जगभरच्या वैमानिकांना वाचता येतं. याला मी दार उघडणं म्हणतो.

गेल्या पावसाळ्यात नागपूरहून येताना आमचं विमान इथे टेकता टेकता पुन्हा वर गेलं. शेजारचे गृहस्थ कंपनीच्या नावाने बोटं मोडायला लागले, यांची कल्याणची गाडी चुकणार होती. मी म्हटलं, अहो, पट्टी पुरेशी दिसली नाही तर वर जाणारा वैमानिकच बरा. पटलं नाही त्यांना. मग मी कशेडीची गोष्ट काढली. विमानाने समुद्रावरून वळसा घेतला आणि दुसऱ्यांदा नीट टेकलं, तेव्हा मी आत्याच्या थर्माकोलपर्यंत पोचलो होतो.

नमस्कार.