अठरा टक्क्यांतले हातात किती?

पीअर-टू-पीअर कर्ज म्हणजे तुम्ही एका अनोळखी माणसाला थेट उसने पैसे देता. मधली कंपनी गाठ घालून देते, करार करते, हप्ते गोळा करते. कर्ज बुडालं तर तिचं काही जात नाही, तुमचं जातं. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, इथे नाही. तारणही नाही, कारण या कंपन्यांच्या ऑनलाइन मंचांवर विनातारण कर्जच देता येतं. म्हणून मंचाच्या पडद्यावर दिसणाऱ्या वार्षिक १८ टक्के व्याजाचा हिशेब आधी कागदावर करू.

समजा, १ लाख रुपये तुम्ही १०० जणांत हजार-हजार करून वाटले. मुदत २४ महिने. प्रत्येकाचा हप्ता सुमारे ४९ रुपये ९२ पैसे. सगळ्यांनी चोख फेडलं तर व्याज मिळतं १९,८००. अनेकजण ३६,००० धरून बसलेले असतात. पण दर हप्त्याला थोडं मुद्दल परत येतं आणि व्याज उरलेल्यावरच लागतं. परत आलेलं मुद्दल पुन्हा कर्जाला लावलं नाही, तर त्यावर १८ टक्के कुठून येणार?

आता १०० पैकी १० जणांनी चार हप्ते भरून हात वर केले असं धरा. एकूण जमा होतात सुमारे १,०९,८००. कंपनीचं शुल्क मुद्दलाच्या २ टक्के धरलं तर मूळ लाख वजा जाता उरतात ७,८००. आणि मग येतो प्राप्तिकर. हातात आलेलं व्याज १८,४००, त्या सगळ्यावर तुमच्या टप्प्याप्रमाणे कर. बुडालेलं मुद्दल ८,५७०, पण सावकारी हा ज्याचा व्यवसाय नाही, त्याला ते साधारणपणे या व्याजातून वजा करता येत नाही. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे ५,५२० करात गेले, उपकर वेगळा. दोन वर्षांनी लाखावर राहिले जेमतेम २,३००. दहातला एक बुडाला की १८ टक्क्यांचं एवढंच उरतं. पैसे घालण्याआधी आपापला टप्पा घालून हे गणित कराच.

नियम थोडक्यात. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१७ मध्ये एनबीएफसी-पीटूपी (पीअर-टू-पीअर कर्जाची बिगर-बँक वित्तीय कंपनी) हा वेगळा परवाना आणला. कंपनीचं नाव रिझर्व्ह बँकेच्या यादीत आहे का, हे स्वतः पाहा. सगळ्या मंचांवर मिळून तुमची मर्यादा ५० लाख, १० लाखांच्या वर गेलात तर सीएचं प्रमाणपत्र लागतं. एका कर्जदाराला ५० हजारांच्या वर नाही, मुदत जास्तीत जास्त ३६ महिने. पैसा एस्क्रो खात्यातून, म्हणजे त्रयस्थाच्या ताब्यातल्या खात्यातून फिरतो, रोखीला मनाई. १६ ऑगस्ट २०२४ च्या सुधारणेने ‘हवे तेव्हा पैसे काढा’ आणि ‘ठरलेला परतावा’ या योजना बंद केल्या. त्या चालायच्या कशा? नव्या सावकाराचा पैसा जुन्याला देऊन. आता तशी अदलाबदल करता येत नाही, त्यामुळे मुदत संपेपर्यंत पैसा अडकला असंच समजा. आजही कुणी खात्रीचा परतावा सांगत असेल, तर तिथून उठा.

कर्जदार निवडताना क्रेडिट स्कोअर सगळेच पाहतात. त्याहून जास्त सांगतं चालू हप्त्यांचं ओझं. हातात येणारा पगार ३० हजार, जुने हप्ते १२ हजार, आणि नवा हप्ता ५ हजार. मिळून १७ हजार, म्हणजे निम्म्याहून जास्त पगार हप्त्यांतच जातो. असा अर्ज स्कोअर कितीही असला तरी सोडा. हप्त्याची तारीखही पाहा. पगार ७ तारखेला आणि हप्ता ५ ला कापला जाणार असेल, तर खात्यात पैसे नसतात, हप्ता बाउन्स होतो, बँक दंड लावते, आणि नीट फेडणारा माणूसही थकबाकीत जातो.

थकबाकीचे आकडे कंपनीला दर महिन्याला संकेतस्थळावर द्यावे लागतात, पण ते जपून वाचा. ९० दिवस थकलं की कर्ज एनपीए, म्हणजे अनुत्पादक ठरतं. या महिन्यात वाटलेलं कर्ज या महिन्यात एनपीए होऊच शकत नाही. कंपनी भराभर नवी कर्जं वाटत असेल, तर छेदातली एकूण कर्जं फुगतात आणि एनपीएचा टक्का कमी दिसतो. म्हणून एकूण टक्क्यावर थांबू नका. दीड-दोन वर्षांपूर्वीच्या एकाच महिन्यात दिलेली सगळी कर्जं घ्या, त्यातलं किती मुद्दल आजवर परत आलं ते कंपनीला लेखी विचारा. उत्तर मिळेपर्यंत खात्यात पैसे भरू नका.