आईच्या झोपेसाठी ९० किलोमीटर

नमस्कार मंडळी. जानेवारीत आम्ही इंदूरहून महेश्वरला सायकलने जातो आणि त्या निमित्ताने देणग्या गोळा करतो. त्या पैशाचं काय होतं, हेच सगळे आधी विचारतात, म्हणून सुरुवात तिथूनच करते. हा पैसा औषधांना जात नाही, संशोधनालाही जात नाही. डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती आणि समज हळूहळू कमी होत जाणं, झालेल्या माणसाला घरात सांभाळणारं जे कोणी असतं, बहुतेक वेळा बायको, सून किंवा मुलगी, तिला एक दिवस मोकळा मिळावा म्हणून त्या घरी आम्ही सेवेकरी पाठवतो. सगळा खर्च तेवढ्यावरच.

असं का ठरवलं, ते घरचं सांगितल्याशिवाय कळणार नाही. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, हुकुमचंद मिलमध्ये होते. रामबागेतून मिलपर्यंत रोज सायकलने. १९९१ मध्ये मिल बंद पडली. पुढे बऱ्याच वर्षांनी नानांना अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचाच एक प्रकार, झाला आणि त्यांच्यापुरती मिल पुन्हा सुरू झाली. पहाटे उठायचे, चेनमध्ये अडकू नये म्हणून पँटचा पायचा दुमडून त्याला क्लिप लावायचे आणि विचारायचे, "भोंगा झाला, माझी सायकल कुठंय?" सायकल केव्हाच विकलेली. मग पायीच निघायचे.

आईनं दाराच्या कडीला घुंगरू बांधलं. ते वाजलं की ती उठणार. तिला एका कानानं कमी ऐकू यायचं. म्हणून तो कान उशीवर आणि चांगला कान वर, अशी रात्रभर ती एकाच कुशीवर झोपायची. मी माहेरी राहायला गेले की हे बघायचे. येणारेजाणारे म्हणायचे, "काय सेवा करतात हो वहिनी!" आणि चहा घेऊन निघून जायचे. मला त्या कौतुकाचा राग यायचा, अजूनही येतो. कौतुकानं कुणाला झोप मिळत नाही.

नानांना आम्ही सुरुवातीला खरं ते सांगायचो, मिल बंद झाली म्हणून. त्यांना ते दर वेळी नव्यानंच कळायचं आणि दर वेळी तेवढाच धक्का बसायचा. आईनं तो नाद सोडला. ती म्हणायची, "आज तुमची दुपारपाळी आहे, आधी चहा घ्या." ते बसायचे. क्लिप पायाला तशीच. चहा होईपर्यंत भोंगा विसरलेला असायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पुढे डॉक्टरांनी समजावलं की या आजारात मेंदूतला नव्या आठवणी साठवणारा भाग बहुधा आधी बिघडतो. जुन्या आठवणी आणि हातापायांना लागलेल्या सवयी त्यामानाने पुष्कळ टिकतात. म्हणून सकाळचं जेवण आठवायचं नाही, पण तिशीतली मिल डोळ्यांसमोर उभी असायची. रामरक्षा तर अडखळत का होईना, शेवटपर्यंत होती.

आता "साठी बुद्धी नाठी" याबद्दल. आमच्या घरीही हेच म्हणत दिवस गेले. ज्यांचं नाव या आजाराला मिळालं त्या डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या बाईंची केस मांडली, त्या १९०१ मध्ये रुग्णालयात आल्या तेव्हा अवघ्या ५१ वर्षांच्या होत्या. हा आजार आहे. वय वाढलं की त्याचा धोका वाढतो, पण वय म्हणजे आजार नव्हे. आपल्या देशात साठीपुढच्या दर शंभरात सातांहून अधिक लोकांना डिमेन्शिया असावा, एकूण सुमारे ८८ लाख, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा जास्त आणि खेड्यांत शहरांपेक्षा जास्त.

एक कळकळीची विनंती. घरातलं माणूस विसरायला लागलं तर स्वतःच निदान करून मोकळे होऊ नका. बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल, थायरॉइड मंदावलं असेल, मनाला उदासीनता आली असेल, तरी विसरभोळेपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत. साधी रक्ततपासणी असते. आपल्यात शाकाहारी मंडळी बरीच, त्यांनी तर बी-१२ बघाच.

सायकलच का? एक तर नानांची सायकल. दुसरं कारण डॉक्टरी आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीनं, लॅन्सेट कमिशननं, २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या १४ गोष्टी सांगितल्या. त्या सगळ्या आटोक्यात आल्या तर जगातल्या सुमारे ४५ टक्के केसेस टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा हिशेब. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा, कमी ऐकू येणं हे त्यात आहे. व्यायाम नसणं आहे, आणि डोक्याला मार लागणंही आहे. म्हणून आमच्या फेरीत हेल्मेटशिवाय कुणालाही येऊ देत नाही. नवीन मुलं "घाटातच घालतो" म्हणतात. तसं चालणार नाही. राजवाड्यावरून निघतानाच हेल्मेट डोक्यावर हवं.

रस्ता राऊ, महू, मग जाम गेट, मंडलेश्वर आणि महेश्वर, ९० किलोमीटरच्या आसपास. महूपर्यंत गप्पा मारत जाता येतं. जाम गेटला अहिल्यादेवींच्या काळचा दगडी दरवाजा लागतो आणि तिथून माळव्याचं पठार संपून रस्ता निमाडात उतरतो. दोन्ही ब्रेक सतत दाबून धरले तर रिम तापते. थोडं दाबा, थोडं सोडा. मधे थांबा, पाणी प्या. उतारावर शर्यत लावायची नाही, ही आमची सगळ्यांत कडक अट.

प्रत्येकानं आपल्या ओळखीत किलोमीटरमागे १० रुपये देणारं कुणीतरी गाठायचं, म्हणजे एका सायकलमागे ९०० रुपये. आमच्या अनुभवात एका सेवेकऱ्याची एक दिवसपाळी त्यात निघते. त्या दिवशी एखादी बाई बँकेत जाते, एखादी स्वतःचे दात दाखवून येते. एकीनं विचारलं होतं, "मी कुठं गेले नाही, नुसती झोपले, तर चालेल का?" आम्ही तेवढ्यासाठीच तर जातो.

इथं बसलेल्या सगळ्यांना सायकल झेपणार नाही. पण फेरीच्या रविवारी तीन तास एखाद्या घरी बसणं झेपेल. त्याआधी एकदोनदा जाऊन ओळख करून घ्यावी लागते, कारण एकदम नवा चेहरा समोर आला की पेशंट बावरतो. त्यांच्याशी वाद घालायचा नाही, परीक्षा घेतल्यासारखं "मला ओळखलंत का?" विचारायचं नाही, आपलं नाव आपणच सांगायचं. दाराजवळ वही ठेवली आहे. नाव, मोहल्ला आणि तुम्हाला मोकळा असलेला वार लिहून जा. मराठी बोलता की हिंदी की दोन्ही, तेही लिहा, म्हणजे त्याप्रमाणे घर ठरवता येईल.